वर्गातून खुर्ची गेली. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाने करायचं काय?

पाचवी ब
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचीच. बीएड झालं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली. टेटही (भरतीची अभियोग्यता परीक्षा) दिलीय. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागेल तेव्हा लागेल, तोवर घरी काय बसायचं म्हणून जूनपासून शहराच्या नव्या भागातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागले. पगार ११ हजार ठरला, हातात साडेनऊ येतात. उरलेले दीड हजार दर महिन्याला 'डिपॉझिट', वर्ष पुरं केलं की परत. पाचवी ब माझा वर्ग, ४८ मुलं.

दिवाळीची सुट्टी संपवून गेले तर वर्गात टेबल आहे, खुर्ची नाही. वाटलं, कुठल्या तरी कार्यक्रमाला नेली असेल. शिपाईमामा म्हणाले, "सगळ्या वर्गातल्या गच्चीवर टाकल्यात मॅडम, सरांची ऑर्डर हाय." संचालक सरांनी म्हणे सुट्टीआधी मोबाइलवर कॅमेरा बघितला, तर दोन मॅडम बसून शिकवत होत्या. झालं.

सकाळी ७:५० च्या आत बायोमेट्रिक, तीन मिनिटं उशीर म्हणजे अर्धा दिवस. आठ तासिका, त्यातली एक ऑफ. ती ऑफ रोज कुणीतरी गैरहजर असल्यामुळे बदली तासाला जाते. मधल्या सुट्टीत ग्राउंड ड्यूटी, सुटल्यावर बस ड्यूटी. पोटऱ्या इतक्या ठणकतात की आई रात्री कोमट पाण्यात मीठ घालून देते. तेही नळाला पाणी आलेल्या दिवशीच, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

खुर्चीचं मी गिळलं असतं. पण परवा हेडमॅडम चालू तासाला वर्गात आल्या, टाचणवही (रोज काय शिकवायचं ते आधी लिहायची वही) उचलली, त्या दिवशीचा उद्दिष्टांचा रकाना कोरा होता. मुलांकडे वळून म्हणाल्या, "चिल्ड्रन, होमवर्क अपूर्ण असला की आपण काय करतो?" सगळी एका सुरात, "उभं राहतो!" मी उभीच होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या.

नंतर पुढच्या बाकावरच्या एकाने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला खुर्ची शिक्षा म्हणून नाही का?"

बाबा यंत्रमागावर जॉबर होते. ते म्हणतात, मालक बोलतोच, मी तीस वर्षं ऐकलं. त्यांचं खरं असेल, पण त्यांना ४८ जणांसमोर ऐकावं लागलं नाही. तुम्ही पहिल्या वर्षी काय केलंत? सोडू का?

कडक भाकरी
शनिवार, रात्री ११:०५

ओ मॅडम, आमच्याकडं खुर्ची हाय. पण बसलं की कॅमेऱ्यात दिसतंय म्हणून आम्ही ती दाराआड ठेवलोय. दिवसातनं एकदा जाऊन बघून येतो, हाय का गेली.

एवढ्यात सोडू नका. दीड हजारानं सहा महिन्याचे नऊ हजार त्येंच्याकडं अडकलेत. तुम्ही डिसेंबरात पळाला तर त्येंचंच फावतंय. ते डिपॉझिट कशासाठी ठेवायलेत, त्याच्यासाठीच की.

टाचणवही
रविवार, सकाळी ७:१५

पाचवी ब, तुमचं वाचून चहा गार झाला. मी १९ वर्षं शिकवतेय. पहिली तीन विनाअनुदानितमध्ये काढली, तेव्हाची एक गोष्ट आधी सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती: टाचणवही मुलांसाठी नसते, तपासणाऱ्यासाठी असते. हे एकदा मान्य केलं की तिचा अर्धा त्रास जातो.

रविवारी सकाळी दोन तास बसा. पुढच्या सहा दिवसांचं टाचण एका बैठकीत. उद्दिष्टांचा रकाना सगळ्यात आधी भरा, कारण वही हातात घेणारा माणूस दुसरं काही वाचत नाही. मी क्रियापदांचा साठाच करून ठेवला होता: ओळखतो, फरक सांगतो, उदाहरण देतो, वर्गीकरण करतो, दैनंदिन व्यवहारात वापरतो. भूगोल असो की गणित, हीच आलटून पालटून चालतात. आणि तास झाल्यावर समासात पेन्सिलीने एक ओळ स्वतःसाठी लिहा. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत अजून आहे: 'छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा वाटतो, मागचे तिन्ही बाक.' शाईतलं सगळं तपासणाऱ्याचं, पेन्सिलीतलं माझं. त्या पेन्सिलीवरच मी शिकवायला शिकले.

आता वर्गात बोलण्याबद्दल. तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही. पण गप्पही राहायचं नाही. शाळा सुटल्यावर केबिनमध्ये जा, दार उघडं ठेवून उभ्या उभ्याच सांगा: "मॅडम, रकाना कोरा होता, भरलाय. पुढच्या वेळी मला इथे बोलावून सांगा. मुलांसमोर झालं की नंतरचे दोन तास वर्ग हातात राहत नाही." स्वतःच्या अपमानाचं काढू नका, वर्गाचं काढा. अपमानावर त्या म्हणतील "फार मनाला लावून घेता तुम्ही". वर्ग हाताबाहेर गेला तर पालकांचे फोन त्यांनाच येतात, त्यामुळे ती भाषा कळते.

त्या पोराला काय उत्तर दिलंत?

पाचवी ब
रविवार, सकाळी ९:३०

काही नाही. "पान नंबर ६२ काढा" म्हणाले.

स्पष्टच बोलतो
रविवार, दुपारी १२:२०

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. मी एका शाळेचा हिशेब बघतो (ती शाळा नव्हे). वर्गात बसून मोबाइल बघणारे नवे शिक्षक नसतात का? असतात. एका मॅडमने तासभर बसून रील बघितल्या आणि त्याच वेळी मागच्या बाकावर कंपासचं टोक पोराच्या हातात घुसलं. त्या पालकांपुढे बसायला संचालकच लागतो, शिक्षक नाही.

पैशाचंही ऐका. पालक पहिला हप्ता जूनमध्ये देतात, दुसरा दिवाळीनंतर मागून मागून, तिसऱ्यासाठी मार्च उजाडतो. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांवर मुलं घ्यायची, त्यांचे शासनाकडचे पैसे वर्षानुवर्षं थकलेले. समोर नवी इमारत उभी राहिली की एका उन्हाळ्यात चाळीस दाखले जातात. पगाराची तारीख मात्र ठरलेली. हा ताण संचालकाकडून मुख्याध्यापकाकडे येतो, तिथून तुमच्याकडे. खुर्च्या काढणं चूकच, पण ते कुठून येतं तेही बघा.

खडूची भुकटी
रविवार, दुपारी १२:४१

आणि आमच्याकडून मुलांकडे. साखळी पूर्ण करा ना सर, मध्येच का थांबलात?

अवांतर: मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देऊ नये असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलंय. मास्तरला देऊ नये असं कुठल्या कलमात आहे, कुणाला सापडलं तर इथे टाका.

अति अवांतर: केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायदा करून दिला. केरळात कापडदुकानांतल्या सेल्सगर्ल्स त्यासाठी भांडल्या होत्या, दिवसभर उभं ठेवायचे त्यांना. आपलं सोलापूर कापडाचं गाव, नवी पेठेत सेल्सगर्लला निदान स्टूल तरी दिसतो. शाळेत नाही.

पूर्वभाग
रविवार, रात्री ९:५०

'अनुदानितमध्ये लागलं की सुटलो' असं वाटणाऱ्यांसाठी लिहितोय. मी माध्यमिकला शिक्षणसेवक आहे. तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. मानधन जानेवारी २०२३ पासून १८ हजार झालं, त्याआधी ८ हजार होतं. ८ हजारांत काढलेले सर अजून आम्हाला ऐकवतात, "तुमचं बरंय बाबांनो."

आमच्याकडे खुर्ची आहे, पण मे महिन्यात आम्ही खुर्चीत नसतोच, रस्त्यावर असतो. पट गोळा करायला, म्हणजे शाळेसाठी मुलं मिळवायला. दुपारी १ वाजता, पारा ४३ वर, दोघं दोघं एका स्कूटरवर. विडी कामगारांची मोठी घरकुलं कुंभारीकडे झाली. चांगलंच झालं, पण कुटुंबं तिकडे गेली तशी पोरंही गेली आणि पूर्व भागातल्या जुन्या शाळांचा पट उतरला. पट उतरला की संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्यात) पद जातं. पद गेलं की कुणीतरी अतिरिक्त ठरतो, आणि तो कोण हे ज्येष्ठता यादीत शेवटून वाचलं की कळतं. शेवटी माझं नाव आहे.

गेल्या मे महिन्यात एका घरी गेलो. आजी ओट्यावर, मांडीवर सूप, तेंदूची पानं पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापतेय. मान वर न करता तेलुगूत काहीतरी म्हणाली. मला तेलुगू येत नाही, मी अक्कलकोट तालुक्यातला, मला कन्नड येतं. नातीने भाषांतर केलं: "ती विचारतेय सायकल देणार का?" आमच्या आधी दुसऱ्या शाळेचे सर येऊन दप्तर आणि सायकल कबूल करून गेले होते. मी शाळेचं माहितीपत्रक दिलं. आजीने ते सुपाखाली घातलं, सूप हलत होतं म्हणून.

पोरगी आलीच तर पुढचं संकट आधार. आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. आधार वैध झालं नाही तर पोरगी रोज वर्गात बसते पण मान्यतेत मोजली जात नाही. मी इतिहासाचा शिक्षक. या वर्षी तिमाहीत १८५७ पेक्षा आडनावांवर जास्त वेळ गेला.

त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. आमच्या स्टाफरूममध्ये ४८ वर्षांचे सर बालमानसशास्त्राचं गाइड वर्तमानपत्रात गुंडाळून वाचतात आणि कुणी आलं की क्रीडा पान वर करतात. पूर्वी तेच आमच्यावर ओरडायचे, हल्ली विचारतात, "पियाजे नीट समजावशील का रे?"

सांगायचा मुद्दा, दडपण सगळीकडे आहे, फक्त प्रकार वेगळा. पण पाचवी ब, मुलांसमोर अपमान हा दडपणाचा प्रकार नाही. ते वेगळं आहे. त्याला दडपण म्हणून खपवू नका.

टाचणवही
रविवार, रात्री १०:२०

शेवटच्या ओळींना +१.

पाचवी ब
बुधवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. टाचणवही ताई, केबिनमध्ये जाऊन तुमचं वाक्य बोलले. घसा कोरडा पडला होता, 'हातात राहत नाही'च्या जागी 'हाताला राहत नाही' असलं काहीतरी बोलले. मॅडम म्हणाल्या, "ओके, नोटेड." बस्स.

पण आज नवीनच. आम्ही सहा जणं यंदा लागलो. सहाहीजणांना ऑफिसात बोलावून एक टाइप केलेला कागद दिला. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' खाली सहीची जागा, तारखेची जागा मोकळी. क्लार्क म्हणाले, "फॉर्मॅलिटी हाय, सगळेच देतात, फाइलला लागतो." चौघांनी दिली. मी म्हटलं घरी विचारून सांगते. शिवाय बीएडचं मूळ प्रमाणपत्र जूनपासून त्यांच्याकडेच आहे, 'पडताळणीला'. शुक्रवारपर्यंत सही हवीय.

कडक भाकरी
बुधवार, रात्री ८:१४

सही करू नका. करू नका. करू नका.

बार्शी लाईट
बुधवार, रात्री ११:३०

मी वकील नाही. शाळा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवलेला मास्तर आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो. तुमची कागदपत्रं एखाद्या वकिलाला दाखवाच.

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे आणि १९८१ ची नियमावली. स्टाफरूममध्ये त्याला 'एमईपीएस' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात. पहिला गैरसमज: 'आपली शाळा विनाअनुदानित, आपल्याला लागू नाही.' कलम ३ मध्ये स्पष्ट आहे, अनुदान असो वा नसो, लागू.

राजीनामा, कलम ७. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची आणि दोन्हींवर तारीख घालायची. एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. आता तुमच्या हातातला कागद बघा: एक प्रत, टाइप केलेली, तारीख नाही, पोस्ट नाही. कायदा लिहिणाऱ्याला असले कागद घेणारे माहीत होते, म्हणूनच 'तारीख' हा शब्द त्यात आहे. नियम ४० प्रमाणे नोटीसही असते: कायम कर्मचाऱ्याला तीन महिने, कायम नसलेल्याला एक महिना.

नेमणुकीचा आदेश काढून वाचा. 'परिवीक्षाधीन' (प्रोबेशनवर) लिहिलंय की 'एका शैक्षणिक वर्षासाठी तात्पुरते'? यातच सगळी गोम आहे. कायम रिक्त पदावर रीतसर नेमलं तर कलम ५ प्रमाणे दोन वर्षं परिवीक्षा, ती पार पडली की कायम. तेच टाळायला जून ते एप्रिल असा अकरा महिन्यांचा आदेश देतात आणि पुढच्या जूनला नवा. परिवीक्षेत काम असमाधानकारक वाटलं तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन काढू शकते, हेही खरं, उगाच फुगवून सांगत नाही. पण त्यासाठी मुख्याध्यापकांनी कामाचं मूल्यमापन करून नोंद ठेवायची असते. वर्गात येऊन 'चिल्ड्रन, आपण काय करतो' हे मूल्यमापन नव्हे.

सेवेतून काढलं, पदावनती केली, तर कलम ९ खाली ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. सोलापुरात ते आहे, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. तीस दिवस लक्षात ठेवा. 'गावातल्या मोठ्या माणसाकरवी मिटवू' म्हणत मी पहिले सव्वीस दिवस घालवले होते. मोठा माणूस चहा पाजतो, तारीख थांबवत नाही.

मूळ प्रमाणपत्र लेखी अर्ज करून परत मागा. 'पुढील अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी' असं कारण द्या, भांडणाचं देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्ट. पोस्टाची पावती टाचणवहीत ठेवू नका, घरी ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका, माझी तशीच गेली.

मी जिंकलो का, हे विचारणार असाल तर: हो. पण निकाल लागेपर्यंत मी ज्यांना शिकवत होतो ती दहावीची बॅच पदवी घेऊन बाहेर पडली होती. शक्यतो वेळ तिथवर येऊ देऊ नका. त्यासाठीच कागद.

हुतात्मा पकडली
गुरुवार, पहाटे १:५०

मी दुसरी बाजू सांगतो. मी सोडली.

गेल्या वर्षी ऑगस्टपासून रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी पोचलो की मळमळायचं. रविवारी संध्याकाळी ४ वाजल्यापासून छातीत धडधड. घरी सांगितलं तर "लग्न ठरवायचंय, आत्ता नोकरी सोडू नको." वर्गात पोरांवर ओरडायला लागलो. एकदा एका पोराची वही मी भिरकावली. ज्या पद्धतीने माझी भिरकावली गेली होती, अगदी तशीच, मनगट तसंच वळवून. ते मनगट बघून मी घाबरलो. डिसेंबरात सोडली, जानेवारीत सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला आलो. आता एका कंपनीत मुलांच्या अभ्यासाचे प्रश्न तयार करतो. पगार बरा आहे. मुलं नाहीत. त्याचं वाईट वाटतं, हे मान्य.

मध्ये एका मित्राने टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, दिला होता. सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी तीनदा लावून तिन्ही वेळा कट केला, चौथ्यांदा बोललो. काही जादू झाली नाही. पण 'तुम्हाला झोप किती लागते' हे मला त्या दिवसापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.

पाचवी ब, तुमची झोप कशी आहे?

घंटा झाली
गुरुवार, सकाळी ६:३०

निवृत्त मुख्याध्यापक. हा धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको चाललं होतं.

मी वीस वर्षं भूगोल शिकवला. ज्येष्ठतेने एका जूनला मुख्याध्यापक झालो. आदल्या दिवशीपर्यंत वारे आणि प्रवाह, दुसऱ्या दिवशी तेवीस माणसं, दोन शिपाई, पोषण आहाराचा तांदूळ, आणि संस्थेच्या सचिवांचा रोज दुपारी फोन. माणसांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण शून्य. माझे मुख्याध्यापक जसे माझ्याशी बोलत तसाच मी बोलायला लागलो.

प्रार्थनेनंतर माइकवर मी उशिरा आलेल्या शिक्षकांची नावं वाचायचो. शिस्त लागते असं वाटायचं. एक नवीन बाई आठवड्यात दोनदा यादीत यायच्या. वर्षअखेर त्या दुसऱ्या शाळेत गेल्या. जाताना निरोप समारंभात सहज म्हणाल्या, "आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेपाचला यायचं सर, पाचव्या दिवशी. मी भरून यायचे." सगळे हसले. मीही. मी स्वतः सोलापुरात जन्मलो, माझ्या घरी पाणी बायको भरत होती. तिला कुठे साडेसातला माइकसमोर यायचं होतं!

माझी माफी तुमच्या काही उपयोगाची नाही. उपयोगाचं एवढंच: एकट्या जाऊ नका. एका शिक्षकाची तक्रार आली की आम्ही तिला 'स्वभाव' म्हणायचो. पाच सह्या आल्या की 'विषय' म्हणायचो. दहा आल्या की सचिवांना फोन मीच करायचो. आणि अर्जात 'छळ', 'अन्याय' असले शब्द घालू नका, एकच मागणी घाला, जी मान्य केल्याने कुणाचं नाक कापलं जाणार नाही. खुर्ची मागू नका. खुर्ची त्यांनी काढलीय, ती परत देणं म्हणजे हार. दुसरं काहीतरी मागा.

खडूची भुकटी
गुरुवार, सकाळी ७:०२

'दुसरं काहीतरी' म्हणजे स्टूल. लोकहो, नवी पेठेत भेटू.

स्पष्टच बोलतो
गुरुवार, सकाळी १०:१५

कोऱ्या तारखेचा राजीनामा घेणं मलाही पटत नाही. आमच्याकडेही घेतात. आज फाइल काढून मोजले, १७ आहेत. त्यातले तीन जण कधीच सोडून गेलेत, कागद अजून फाइलला. काय करायचं त्यांचं, बघतो.

पाचवी ब
मंगळवार, रात्री ९:००

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत निवांत बसलेय, तेव्हा सगळं लिहिते. काल अक्षता सोहळ्याला गर्दीत चुलतभावाला बाराबंदीत (यात्रेच्या पांढऱ्या पोशाखात) बघितलं, नंदीध्वजाच्या मागे अनवाणी. म्हटलं, उभं राहण्याचं एवढं कौतुक फक्त हाच करू शकतो.

राजीनामा: सही केली नाही. क्लार्कना सांगितलं, "ज्या दिवशी सोडेन त्या दिवशी त्या तारखेचा देईन, दोन प्रतींत देईन." 'दोन प्रतींत' म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं. कुणीतरी कायदा वाचलाय एवढं त्यांना कळलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही. आधी सही केलेल्या चौघांपैकी दोघींनी कागद परत मागितलाय. अजून मिळालेला नाही.

प्रमाणपत्र: अर्ज दिला, शिक्का मिळाला, बाराव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरा दुमडलेला.

खुर्ची: हे मोठं आहे. अर्ज मीच लिहिला, 'पाठीचा व पायांचा त्रास असलेल्या शिक्षकांसाठी प्रत्येक वर्गात एक स्टूल मिळावे'. २३ जणांपैकी ११ सह्या. दोन ज्येष्ठ मॅडमनी दिली नाही, एकींनी दिली आणि तासाभराने येऊन खोडली. त्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे मला राग आला नाही. खोडलेली धरली नाही. अर्ज गेला, आठ दिवस काही नाही. मग डिसेंबरात तपासणी आली. आदल्या संध्याकाळी गच्चीवरच्या सगळ्या खुर्च्या खाली! कबुतरांनी रंगवलेल्या, मामा ओल्या फडक्याने पुसत बसले. मुलं ओरडली, "मॅडम, तुमची शिक्षा संपली!" तपासणीचे साहेब माझ्या वर्गात चार मिनिटं होते आणि ती चार मिनिटं खुर्चीत तेच बसले. दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत गच्चीवर.

तेव्हा मी खरंच रडले. हुतात्मा पकडली, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, त्या आठवड्यात झोप चार तास होती. १४४१६ लावला. मी पहिल्याच वेळी बोलले, तुमच्यामुळे.

जानेवारीत शाळा उघडली तर प्रत्येक वर्गात स्टूल. निळं, प्लास्टिकचं, पाठ टेकायला काही नाही. नोटीस आली की 'व्यवस्थापनाने शिक्षकांच्या आरोग्याचा विचार करून' वगैरे. घंटा झाली सर, नाक कुणाचंच कापलं गेलं नाही.

हेडमॅडम वर्गात बोलत नाहीत आता. वही घेऊन जातात आणि लाल पेनने लिहून पाठवतात. परवा तीन ओळी होत्या. पहिल्या दोन उगाचच्या. तिसरी, 'फळ्यावर लिहिताना पाठ मुलांकडे फार वेळ असते.' ती बरोबर आहे. हे इथे लिहायला जड जातंय.

डिपॉझिटचं एप्रिलमध्ये कळेल. पवित्रची यादी लागली तर तेही. तोवर आहे.

त्या मुलाने पुन्हा विचारलं, आता स्टूल बक्षीस आहे का. म्हटलं, नाही रे, अर्ज केला होता. तो म्हणाला, "मग मी पण करू? माझ्या बाकाचा खिळा टोचतो." दोन प्रतींत लिहून आणायला सांगितलंय.

टाचणवही
मंगळवार, रात्री ९:१८

खिळ्याचा अर्ज आला की इथे टाका. समासात पेन्सिलीने लिहून ठेवणार आहे.

बार्शी लाईट
मंगळवार, रात्री ९:२५

आवक क्रमांक द्या त्याला.

कडक भाकरी
मंगळवार, रात्री ९:४०

सगळं बरोबर ओ मॅडम, पण स्टुलाच्या बुडाला मार्करनं 'पाचवी ब' लिहून ठेवा. शेजारच्या वर्गात जातंय.